कादंबरीतला कट पटत नाहीये. जागा: टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो

उचगावची पोर

नमस्कार मंडळी. बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. दोन वर्षं झाली, परीक्षा सांभाळून एक कादंबरी लिहितेय. पंधरा ते वीस वयाच्या पोरांनी वाचावी अशी. भविष्यातली, आणि रात्री खाली ठेवता येऊ नये अशी (माझी इच्छा, बाकी देवाक काळजी).

गोष्ट थोडक्यात अशी. साल २०३६. देवीसारखा आजार परत येतो. ज्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे ते म्हातारे तगतात, बाकीचे पटापट पडतात. गावं म्हाताऱ्यांच्या ताब्यात जातात, तरुण पोरांना 'सुरक्षेसाठी' छावण्यांत कोंडतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यं सीमा बंद करतात. माझी नायिका सतरा वर्षांची, महाराष्ट्रात शिनोळीच्या बाजूला मामाकडं अडकलेली. ती चोरून बेळगावात येते, व्हॅक्सिन डेपोच्या (पूर्वी इथं देवीची लस बनायची, आता लोक फिरायला येतात) तळघरात शिरते आणि तिला देवीच्या विषाणूच्या कुप्या सापडतात. एका औषध कंपनीनं तिथूनच रोग बाहेर काढला आणि आता तीच लस विकतेय, असा कट.

पुण्यातल्या मैत्रिणीनं वाचलं. म्हणाली, फिल्मी आहे. शिवाय तिनं माझी नायिका 'मी येतो, मी जातो' म्हणते ते सगळीकडं खोडून 'येते, जाते' केलं. ते मी परत पुसलं. आमच्याकडं पोरी तसंच बोलतात, लिहिताना मी सुधारते एवढंच. पण 'फिल्मी' हे मात्र लागलं, कारण खरं आहे.

सीमेचा भाग मला जमलाय, तो पाहिलेलाच आहे. कोरोनात बाचीजवळ पोलीस उभे होते. आईचं माहेर पलीकडं, गाडीवर पंधरा मिनिटं. आज्जी आजारी, आणि आई बॅरिकेडच्या अलीकडून मामाच्या हातात रताळ्यांची पिशवी आणि बीपीच्या गोळ्या देतेय. मामानं पिशवी घेतली, जमिनीवर ठेवली, आधी सॅनिटायझर मारलं, मग उचलली. आई घरी येऊन त्या सॅनिटायझरवरूनच रडली. कोगनोळी नाक्यावर बहात्तर तासांच्या आतला कोरोनाचा रिपोर्ट मागत होते तेही आठवत असेल तुम्हाला.

खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या काकांनी २०२१ मध्ये लस घेतली नाही. 'लशीत चिप आहे, कंपन्यांनीच रोग सोडलाय' असले मेसेज त्यांना दिवसाला दहा यायचे. पुढं तीन आठवडे ऑक्सिजनवर होते. वाचले, पण अजून जिना चढले की मधल्या पायरीवर बसतात. आणि आता मी कादंबरीत काय लिहितेय? कंपनीनंच रोग सोडला! काका वाचतील आणि म्हणतील, बघ, मी सांगत होतो.

कट तर पाहिजे, नाहीतर थरार कसला. पण हा नको. काय करू?

---

जुना लॅबवाला

बाई, पहिली चूक विज्ञानाची आहे आणि ती दुरुस्त केलीस की बाकीचं आपोआप सुटेल असं वाटतंय.

डेपोत देवीचा विषाणू नव्हताच. देवीची लस देवीच्या विषाणूची नसते, त्याच्या चुलत भावाची असते. व्हॅक्सिनिया म्हणतात त्याला, तू शिकली असशीलच. देशात देवीची लस करणाऱ्या चार संस्था होत्या: पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि आपलं बेळगाव. रीत अशी. वासराची कूस भादरायची, धुवायची, कातडीवर बारीक ओरखडे काढायचे आणि त्यावर बीज, म्हणजे हाच व्हॅक्सिनिया, चोळायचं. चार-पाच दिवसांत तिथं फोड धरतात. ते खरवडून काढायचं, वाटायचं, ग्लिसरीनमध्ये मिसळायचं. नंतर सुकवलेली लस आली, तीच खेड्यापाड्यात उन्हात टिकली. आम्ही शिकलो तेव्हा म्हातारे शिक्षक सांगायचे, खरवडताना वासापेक्षा वासराची नजर चुकवणं अवघड.

खरा देवीचा विषाणू आज जगात अधिकृतपणे दोनच ठिकाणी आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. अर्थात अनधिकृत काय असेल ते वेगळं. २०१४ मध्ये अमेरिकेतच बेथेस्डाच्या एका शीतखोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा कुप्या निघाल्या, १९५०च्या दशकातल्या, कुणाला पत्ताच नव्हता. आणि १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला प्रयोगशाळेतूनच देवीची लागण होऊन एक बाई गेली. देवीनं मेलेली जगातली ती शेवटची.

म्हणजे तुझ्या नायिकेला डेपोत काही सापडलंच तर ते विष नव्हे, उतारा. कुप्या लशीच्या. आणखी दोन गोष्टी लक्षात घे. म्हाताऱ्यांना रोग मुळीच होत नाही असं लिहू नकोस. इतक्या वर्षांनी लशीचा जोर कमी होतो, पण आजार सौम्य जातो आणि माणूस सहसा वाचतो. आणि सुकवलेली लस उणे वीसला ठेवली तर दशकं टिकते, पण बंद तळघरात नुसती पडली असेल तर काही उपयोगाची नाही. तेव्हा मला तुझ्या गोष्टीत एकच प्रश्न पडतो: इतकी वर्षं त्या फ्रीजचं वीजबिल कोण भरत होतं?

---

रोज सहा वाजता

डेपोत रोज सकाळी चार फेऱ्या मारतो. तळघर दिसलं नाही, पण झाडाखाली बसून सरकारं पाडणारी मंडळी भरपूर आहेत. कट तिथंच शिजतो. 😀

---

निपाणीचे मास्तर

वरचा वीजबिलाचा मुद्दा झकास. मी इतिहासाचा माणूस, म्हणून एवढंच सांगतो की खलनायक मुद्दाम रोग सोडणारा असण्याची गरज नाही. झालेली चूक दाबणारा असला तरी तो पुरेसा भयंकर असतो.

शास्त्रज्ञ हाफकिनची गोष्ट घे. मुंबईत प्लेगची साथ, १८९७च्या जानेवारीत यानं लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी एकशेसात जणांना टोचलं आणि त्यातले एकोणीस धनुर्वातानं गेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस गेलेली! सगळा ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, माणसाला बाजूला केलं. मुलकोवालच्या टोचणीच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा खाली पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटली उघडायला वापरला होता, हे पुढं आलं. बाटली आली तेव्हा चांगली होती. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. पाच वर्षं! आता विचार कर, ज्यांना चिमट्याचं ठाऊक होतं ते त्या पाच वर्षांत कसे जेवत असतील?

लोकांना राग का येतो तेही पाहा. त्याच १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरून देवघरापर्यंत शोधत होते. मुंबईत राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवायचे. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती याच रागातून. लशीवरच्या अविश्वासाचं मूळ लशीत कमी आणि दार ठोठावण्याच्या पद्धतीत जास्त असतं. तुझ्या काकांना मूर्ख दाखवू नकोस. कोण त्यांच्याशी कधी धड बोललं होतं का, ते दाखव.

२०२० मध्ये लागू केला तो कायदाही तोच, १८९७चा. तुझ्या २०३६ मध्येही तोच ठेव. बदलायला कुणाला वेळ झाला असेल असं वाटत नाही.

---

जांबोटीकडचा

आमच्या रानातली एक अफवा घ्या फुकट. माकडताप. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, मग माणसं. गोचिडीतून येतो. विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला, म्हणून आधी शंका आली की सैबेरियाच्या पाखरांनी आणला. पाखरांच्या पायात कड्या घालून अभ्यास सुरू झाला, त्यात अमेरिकी लष्कराचा पैसा होता, आणि १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं विचारलं की हे पाखरं मोजताय की दुसरंच काही? रोग पाखरांनी आणलाच नव्हता, तो इथल्याच रानातला होता. पण पैसा खरा होता, प्रश्न खरे होते. अफवा अशी अर्ध्या खऱ्यावर उभी राहते.

२०१६ ला दोडामार्गाकडं हाच ताप आला, काजूच्या बागांत. त्या साली आमच्याकडं माकड दिसलं की लोक दगड उचलायचे. माकडाचा काय दोष, ते तर आपल्या आधी मरतंय.

---

उचगावची पोर

लॅबवाले काका, मास्तर, सगळ्यांनाच मनापासून धन्यवाद. रात्री दोनपर्यंत जागून पन्नास पानं काढून टाकली. कंपनी गेली.

आता असं ठरवलंय. रोग कुठून आला ते शेवटपर्यंत कुणालाच नक्की कळत नाही, छावणीतली पोरं त्यावर भांडत राहतात. कट आहे तो उताऱ्याचा. डेपोत लशीचं बीज शिल्लक होतं आणि ते होतं हे तिघांना ठाऊक होतं. साथीच्या पहिल्या आठवड्यात एकाच्या चुकीनं फ्रीज दोन दिवस बंद राहिला. बीज गेलं की नाही हे तपासायचं धाडस कुणी केलं नाही, कारण तपासलं तर लिहून द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा 'असं काही नव्हतंच' म्हणणं सोपं. सीमा बंद ठेवण्यामागंही तेच, पलीकडून कुणी विचारायला येऊ नये म्हणून.

माझे काका पण घेतले गोष्टीत. छावणीच्या गेटवर पहारा देतात. त्यांना सगळ्यावर संशय आहे आणि या एका बाबतीत तो बरोबर निघतो, पण ज्या कारणानं त्यांना वाटत होतं त्या कारणानं नाही. हे प्रकरण त्यांनाच आधी वाचायला देणार आहे. बघू.

आणि सुरुवात बदलली. आता पहिल्या पानावर तळघर नाही. नायिकेच्या हातात हेस्कॉमचं वीजबिल आहे, बंद इमारतीच्या नावावरचं, दर महिन्याला वेळेवर भरलेलं. बिल कन्नडमध्ये. ती मराठी शाळेतली, आकडे कळतात, बाकी अक्षर लावत लावत वाचते आणि तीन शब्दांवर अडते. शेजारच्या कन्नड आज्जीकडं जाते. आज्जी चष्मा शोधते, बिल उलटं धरते, सुलटं करते आणि विचारते, 'हे तुला कुठं मिळालं गं?'

तिथं पहिलं प्रकरण संपतं. लॅबवाले काका, एक राहिलं: फ्रीज दोन दिवस बंद आणि मग परत चालू, तर बीज खरंच मरतं का? पुढचं सगळं त्यावर अडलंय.

---

जुना लॅबवाला

सुकवलेलं असेल तर दोन दिवसांत मरणार नाही. म्हणजे ते तिघं उगाच खोटं बोलले.