दूध संकलन केंद्राची आकृती: वजनकाटा अ‍ॅक्टर धरावा का?

प्रश्न (अंतिम_वर्ष)

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही तिघांनी गावातील दूध संस्थेच्या संकलन केंद्राचे सॉफ्टवेअर निवडले आहे. यूज केस आकृती (प्रणाली कोणाला कोणती कामे करून देते, हे लंबवर्तुळांनी दाखवणारे चित्र) काढली, तर तिच्यात १९ लंबवर्तुळे झाली. ‘वजन घेणे’, ‘फॅट मोजणे’, ‘दर काढणे’, ‘पावती छापणे’ अशी ती एकामागून एक असून प्रत्येक लंबवर्तुळ इन्क्लूडच्या (एका कामात दुसरे सामावले आहे, असे सांगणाऱ्या) बाणाने पुढच्याला जोडले आहे. मार्गदर्शकांनी ‘हा फ्लोचार्ट झाला’ एवढाच शेरा मारून आकृती परत केली. काटा आणि फॅट मशीन हे अ‍ॅक्टर (म्हणजे बाहेरून प्रणालीशी व्यवहार करणारे) मानायचे की आमच्याच प्रणालीचे भाग, आणि ऐन गर्दीत मशीन बंद पडले तर ते कुठल्या आकृतीत दाखवायचे, हेही आम्हाला ठरवता येत नाही.

उत्तर (जुना_विश्लेषक)

शेरा तुटक असला तरी रास्त आहे. स्वीडिश संगणकतज्ज्ञ इव्हार याकोबसन यांनी १९८०च्या दशकात यूज केसची कल्पना मांडली, तेव्हापासून तिचा गाभा एकच आहे: बाहेरच्या कोणाला तरी प्रणालीकडून काहीतरी पूर्ण मिळाले पाहिजे. नुसते फॅट मोजून कोणी समाधानाने घरी जात नाही. दूध घातले, नोंद झाली, पावती हातात पडली, म्हणजे काम झाले. म्हणून तुमची ती चारही लंबवर्तुळे ‘संकलन नोंदवणे’ या एकाच यूज केसच्या पायऱ्या आहेत आणि त्यांची जागा आकृतीत नसून तिच्यासोबतच्या लेखी वर्णनात आहे. (हे वर्णन बहुतेक विद्यार्थी लिहीतच नाहीत, आणि खरे काम तर तिथेच असते.)

इन्क्लूड ‘यानंतर हे’ असा क्रम सांगत नाही. ‘संकलन नोंदवणे’ आणि ‘नोंद दुरुस्त करणे’ या दोन्हींत दर काढावाच लागत असेल, तर तो समान भाग वेगळा काढून दोघांकडून त्याच्याकडे बाण न्यावा. एक्स्टेंडचा बाण मात्र उलटा, म्हणजे जादा भागाकडून मूळ यूज केसकडे जातो: मशीन बंद असताना ‘फॅट हाताने भरणे’ हा मूळ प्रवाहाला अधूनमधून जोडला जाणारा भाग आहे, आणि त्याच्याविनाही मूळ यूज केस पूर्ण असते.

काटा आणि मशीन तुम्ही बनवत नाही, त्यांच्याशी फक्त बोलता. म्हणून ते अ‍ॅक्टर. माणसाची आकृती काढणे विचित्र वाटत असेल, तर त्यांच्यासाठी चौकोन काढून वर ‘अ‍ॅक्टर’ असे लिहिलेले चालते.

उत्तर (सीमारेषा)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त त्यात उत्पादकाचा प्रश्न राहिला. दूध घालणारा शेतकरी तुमच्या प्रणालीला हातही लावत नाही, कळफलक ऑपरेटरच्या पुढ्यात असतो. त्यामुळे ‘संकलन नोंदवणे’चा मुख्य अ‍ॅक्टर ऑपरेटरच धरावा, असे माझे मत आहे. ज्याचे उद्दिष्ट साधते तो मुख्य अ‍ॅक्टर, असे मानणारेही आहेत आणि त्यांच्या हिशेबाने तो मान शेतकऱ्याचा. कोणतीही बाजू घ्या, पण ती सगळ्या आकृत्यांत सारखी ठेवा.

मशीन बंद पडण्याचा प्रसंग सीक्वेन्स डायग्राममध्ये (कोण कोणाला कोणत्या क्रमाने संदेश पाठवतो, हे दाखवणाऱ्या आकृतीत) ऑल्टच्या, म्हणजे पर्यायी वाटांच्या, चौकटीत दाखवावा: वरच्या कप्प्यात मशीनकडून फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅटखेरीजचे घन पदार्थ) येतात, खालच्या कप्प्यात ते ऑपरेटर भरतो. चौकटीच्या पुढचा भाग, म्हणजे दरपत्रकातून दर काढणे, नोंद जपणे आणि पावती छापणे, दोन्ही वाटांना समान असल्याने तो दोनदा काढू नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (अंतिम_वर्ष)

लंबवर्तुळे आता पाचवर आली. सीक्वेन्समध्ये आम्ही सॉफ्टवेअरकडून काट्याकडे ‘वजन दे’ असा भरीव टोकाचा बाण (विचारून उत्तरासाठी थांबणे) आणि उलट तुटक बाण (आलेले उत्तर) काढला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर (जुना_विश्लेषक)

तुमचा काटा विचारल्यावरच उत्तर देतो का, हे आधी पाहा. अनेक काटे सिरियल केबलवरून आकडे सतत पाठवत राहतात. त्यांना कोणी विचारावे लागत नाही. तसे असेल तर बाण काट्याकडूनच निघेल, त्याचे टोक उघडे (उत्तरासाठी न थांबणारा संदेश) असेल, आणि तो लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा घडणाऱ्या भागाच्या, चौकटीत बसेल. मग लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: दूध ओतले जात असताना आकडा ९.४, १०.१, ११.२ असा चढत जातो, त्यातला कोणता घ्यायचा? आकडा स्थिरावल्याची अट लूपवर लिहावीच लागेल.

माझा आग्रह आहे की पुढची आकृती काढण्यापूर्वी एक सकाळ केंद्रावर उभे राहावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (अंतिम_वर्ष)

आज पहाटे जाऊन आलो. काटा आकडे सतत पाठवतो, हे खरे निघाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की वजन क्षणात होते, पण मशीन एका नमुन्याला जवळपास मिनिटभर घेते. तेवढ्यात ऑपरेटरने पुढच्या दोघांचे दूध मापून घेतलेले असते आणि नमुन्यांच्या बाटल्या ओळीने मशीनशेजारी थांबलेल्या असतात. आमच्या आकृतीत एका उत्पादकाचे सगळे संपल्यावरच दुसरा येत होता. तसेच सॉफ्टवेअर केले असते, तर एकाची फॅट दुसऱ्याच्या खात्यावर चढली असती. बाटलीवरचा नमुना क्रमांक आमच्या एकाही लाइफलाइनवर (सीक्वेन्समधील प्रत्येक घटकाच्या उभ्या रेषेवर) नव्हता. आता वजनाच्या नोंदीतच तो तयार होतो आणि मशीनचा आकडा आला की त्याच क्रमांकावरून उत्पादक शोधला जातो. नवी आकृती उद्या इथे टाकतो.