'इसुसु' म्हणजे भिशी, पण 'इग्बा बॉय'ला काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: नायजेरियातल्या इग्बो व्यापाऱ्यांवरचा मजकूर मराठीत करतेय. 'इसुसु'ला बिनधास्त 'भिशी' लिहिलं. दहा जणांनी महिन्याला 5,000 नायरा काढायचे, 50,000 पाळीपाळीने एकेकाने उचलायचे. अडलंय ते 'इग्बा बॉय'पाशी, म्हणजे पोराने मालकाकडे राहून धंदा शिकायच्या पद्धतीपाशी. 'उमेदवारी' चालेल?

गल्ला: भिशी चालेल, फक्त लिलाव भिशी डोक्यात नको, इथे बोली लावून पैसे सोडायचे नसतात. आधी उचलणाऱ्याला बिनव्याजी कर्ज, शेवटच्याला नुसती बचत. शेजारच्या योरुबा भाषेत हेच 'एसुसु', आणि गुलामांबरोबर समुद्र ओलांडून त्रिनिदादमध्ये 'सूसू'.

जुनी वही: 'उमेदवारी' म्हटलं की हल्ली लोकांना निवडणुकीचा अर्जच आठवतो. शिवाय अर्थही अपुरा पडतो. उमेदवार काम शिकतो, पुढे त्याचं तो बघतो. इग्बा बॉयमध्ये पोरगा पाच-सात वर्षं मालकाकडे राहतो, बहुधा त्याच्याच घरी, जेवूनखाऊन, बिनपगारी. मुदत भरली की मालक त्याला भांडवल देतो: रोख, माल, कधी गाळ्याचं भाडं. हे कर्ज नव्हे, मालकाची त्यात भागीही नाही. उद्या तोच पोरगा त्याच बाजारात त्याच्यासमोर दुकान थाटतो! ओनित्शा, आबा, न्नेवी या इग्बो शहरांतले किती व्यापारी असे उभे राहिले. बियाफ्राचं यादवी युद्ध 1970 साली संपलं तेव्हा इग्बो माणसाचे बँकेत कितीही असोत, सरकारने हातात 20 पौंड टेकवले होते. त्या काळात भांडवल आपल्याच माणसांकडून उभं करावं लागलं.

पाटीपेन्सिल: त्या शेवटच्या देण्याला ते 'सेटलमेंट' म्हणतात. 'तडजोड' लिहिलं होतं, खोडलं.

गल्ला: बरं केलंत. तिकडच्या बोलीत पोलिसाला 'सेटल' करणं म्हणजे चिरीमिरी देणंही होतं. आपल्या 'सेटिंग'चा सख्खा भाऊ.

जुनी वही: 'बस्तान बसवून देणे' घ्या. 'मालकाने सात वर्षांनी त्याचं बस्तान बसवून दिलं.' 'बक्षिसी' मात्र नको, ते मर्जीवर असतं. हे पोराचं येणं आहे. मालकाने शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घेऊन हाकलला, तर भांडण नातेवाइकांच्या बैठकीत जातं.

पाटीपेन्सिल: मग 'इग्बा बॉय' तसंच ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे 'बस्तानाच्या बोलीवर केलेली चाकरी' असं लिहिते.

गल्ला: 'बोलीवर' झकास. करार बहुतेक तोंडीच असतो.