रीडेव्हलपमेंट: आवारातली बकुळ वाचवायची तर करारात नक्की काय घालावं?

बकुळीखालची

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडची, १९८५ सालची. तीन मजले, सोळा फ्लॅट, प्लॉट साधारण १४०० चौरस मीटर. बिल्डर ठरलाय, विकसन करारनाम्याचा मसुदा हातात आलाय आणि येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे.

आवारात आज एकोणीस झाडं आहेत. मी वही घेऊन फिरले आणि शिवणाच्या टेपनं प्रत्येकाचा घेर मोजला. त्यातली महत्त्वाची पश्चिमेच्या कडेला आहेत: एक बकुळ, दोन कडुनिंब आणि कोपऱ्यात उंबर. बकुळ सासऱ्यांनी वास्तुशांतीच्या वर्षी लावलेली. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. अजूनही बहराच्या दिवसांत त्या कठडा धरून दोन जिने उतरतात, स्टीलच्या डब्यात फुलं वेचतात. सुकलेले सर साड्यांच्या घड्यांत ठेवतात, कपाट उघडलं की खोलीभर वास येतो.

नकाशात तळघरातलं पार्किंग बरोबर या झाडांच्या मुळांवर आलंय. बदल्यात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, २५० चौरस मीटर लॉन, बारा बॉटल पाम आणि कारंजं. ‘झाडांची परवानगी आम्ही काढू, तेवढी नवी लावून देऊ’ एवढंच उत्तर मिळतं. मला प्रकल्प अडवायचा नाही. सासूबाईंसाठी लिफ्ट मलाच सगळ्यात जास्त हवी आहे. पण करारात नेमकं काय मागू, हे कुणी सांगाल का?

साइटवरचा

ताई, एकतीस वर्षं सिव्हिल इंजिनियर म्हणून साइटवर काढली. झाडं वाचली की गेली, हे माळी येण्याच्या कितीतरी आधी ठरतं. तळघराची रेघ कुठे ओढली, तिथेच निकाल लागतो. म्हणून लॉन, पाम, कारंजं सध्या बाजूला ठेवा आणि फक्त त्या रेघेबद्दल बोला.

आधी नियमाचं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत १० टक्के खुली जागा सोडायची सक्ती ४००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटला आहे. तुमचा प्लॉट त्यात बसत नाही. म्हणजे जे हवं ते करारातच लिहून घ्यावं लागेल. पाऊसपाणी साठवण किंवा पुनर्भरण मात्र ५०० चौरस मीटरपासून बंधनकारक आहे, ते तुम्हाला लागू आहे.

आता झाडं. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड ‘वारसा वृक्ष’ धरतात, आणि कापलेल्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं बदल्यात लावायची असतात. तुमचा उंबर इमारतीपेक्षा जुना असेल तर त्याच्या वयाची नोंद आत्ताच मागा. बकुळीच्या बदल्यात चाळीस रोपं लागतील, पण ती तुमच्या १४०० चौरस मीटरमध्ये मावणार नाहीत, दुसरीकडे कुठेतरी जातील. सासूबाईंना तिथवर कोण नेणार? बकुळ मुळात सावकाश वाढणारं झाड. ‘उचलून कोपऱ्यात लावू’ असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नका. वड-उंबर पुनर्रोपण बऱ्यापैकी सोसतात, पण चाळीस वर्षांच्या बकुळीवर मी तो प्रयोग करणार नाही.

झाडाची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. तळघराची भिंत बांधायला भिंतीच्या बाहेर निदान मीटरभर जास्त खणावं लागतं. म्हणून बुंध्यापासून भिंत चार मीटर ठेवली, तर खड्ड्याची कड तीन मीटरवर येते. त्यापेक्षा जवळ जाऊ देऊ नका. बुंध्यापासून नकाशातल्या तळघराच्या भिंतीच्या रेघेपर्यंतचं अंतर स्वतः मोजा आणि इथे लिहा.

करारात वाक्यं अशी हवीत: काम सुरू होण्याआधी या झाडांभोवती फांद्यांच्या घेराएवढं पत्र्याचं कुंपण. आत सिमेंट ठेवायचं नाही, मिक्सर धुवायचा नाही, विटांचे थर लावायचे नाहीत. बुंध्याशी भरती टाकून जमिनीची पातळी वाढवायची नाही. या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. दीड फूट मुरूम टाकला की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं. तोवर बिल्डरचा हिशोब मिटलेला असतो.

आणखी एक. वरची फूटभर काळी माती आधी खरवडून कोपऱ्यात ठेवायला सांगा, ढीग पाच फुटांपेक्षा उंच नको. ही माती खणलेल्या मुरुमासोबत ट्रकमध्ये जाते, शेवटी मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात, राडारोडा भरतात, त्यावर सहा इंच विकतची लाल माती पसरतात आणि मग झाड का धरत नाही म्हणून माळ्याला बोलतात. माझ्याही साइटवर असं झालंय, मी अडवलं नाही. आज वाईट वाटतं.

बावधनची सेक्रेटरी

ताई, आमच्याकडे पोडियमवर लॉन आहे म्हणून लिहिते. चौरस मीटरला उन्हाळ्यात दिवसाला साधारण पाच लिटर पाणी धरा. तुमच्या २५० मीटरला १२५० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर आठवडाभरच पुरेल. आम्ही मार्चपासून टँकर मागवतो. लॉन पिवळं पडलं की सभासद चिडतात, पाणी घातलं की बिलावरून चिडतात.

आणि गळती. खालच्या पार्किंगमध्ये तिसऱ्याच पावसाळ्यात थेंब पडायला लागले. वॉटरप्रूफिंग दुरुस्त करायला वरची सगळी माती काढावी लागली. तेव्हा कळलं की निचऱ्याचा थरच नव्हता, माती थेट स्लॅबवर टाकलेली. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. दोन फूट मातीला चौरस मीटरमागे टनभर वजन झालं. स्लॅब त्या वजनासाठी डिझाइन केलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या.

उरुळीचा माळी

उरुळी कांचनला माझी रोपवाटिका आहे. बॉटल पाम मीही विकतो, फुटावर भाव असतो, पण खरं सांगतो, त्याची सावली पडत नाही. पश्चिमेचं ऊन अडवायला बहावा, तामण, करंज लावा. बहावा वैशाखात पिवळा होतो, तामण आपलं राज्यफूल. भिंतीलगत अडुळसा, निरगुडी, कोरांटी लावली तर दोन पावसाळ्यांनंतर पाणी फार मागत नाहीत. कोनोकार्पस नावाचं परदेशी शोभेचं झाड कुणी सुचवलं तर नको म्हणा. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. उंच झाडाचा हट्ट धरू नका. पाच-सहा फुटांचं, सरळ मुळाचं रोप दहा फुटी झाडाला चार वर्षांत गाठतं. मोठ्या झाडाची मुळं पिशवीत गोल फिरलेली असतात, खरेदीच्या वेळी पिशवी कापून बघा.

बेलापूरकर

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या, नवी मुंबईतल्या बेलापूरच्या वसाहतीत, आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये लहानपण गेलं. १९८० च्या दशकातली. सात घरं आणि मध्ये आठ बाय आठ मीटरचं अंगण, अशी तिची मूळ रचना. आमच्या अंगणातल्या आंब्याखाली आमच्या मुंजी झाल्या. एवढंच सांगायचंय की मोकळी जागा घरांच्या मध्ये ठेवली तर माणसं ती वापरतात. पोडियमचं लॉन तुमच्या सासूबाईंना कितव्या मजल्यावरून उतरून गाठावं लागेल?

बकुळीखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सासूबाईंनी टेपचं एक टोक धरलं. बकुळीच्या बुंध्यापासून तळघराच्या भिंतीपर्यंत नकाशानुसार १.९ मीटर येतात, कडुनिंबांना २.२. चार मीटर गाठायला भिंत अकरा मीटर लांबीत २.१ मीटर आत घेतली तर साधारण २३ चौरस मीटर जातात. दोन गाड्यांची जागा.

साइटवरचा

मग चर्चा दोन गाड्यांची आहे. त्या पझल पार्किंगमध्ये, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये, वर चढवता येतात. लॉन नको म्हणा, कारंजं नको म्हणा, तो खर्च तिकडे वळवायला सांगा. छतावरचं पाणीही सोडू नका. गच्ची ३८० चौरस मीटर धरली तर पुण्याच्या ७०० मिलिमीटर पावसात दोन लाख लिटरांच्या वर पाणी हाती येतं. आपल्याकडे खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, नुसता शोषखड्डा खणून पाणी मुरेलच असं नाही. वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडायला सांगा. अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता मात्र मोकळाच ठेवा, तिथे झाड मागू नका. ती मागणी फेटाळली जाईल आणि बाकीच्यांचंही वजन जाईल.

बकुळीखालची

रविवारी कमिटीपुढे नेतेय. मसुद्याला जोडायच्या नकाशावर चारही झाडांच्या जागा मी लाल पेनानं आखल्यात, उंबराचाही घेर लिहिलाय, २.६ मीटर. वयाच्या नोंदीसाठीही लेखी मागणी करतेय. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. दोन जिने उतरायचे आहेत, सकाळी फुलं वेचून झाली की थेट तिथेच बसतील.