मदत हवी आहे: मराठी संवादांच्या आरपीजी गेमसाठी कोणतं इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर)?

मंडळी, मी ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहतो. नोकरी सांभाळून रात्री किल्ल्यावरची टू-डी आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा गेम) बनवतोय. तिथल्या मानमंदिर महालाच्या भिंतींवरच्या टाइल्समधली पिवळी बदकं पिक्सेलमध्ये काढून झाली (डोळे गेले!).

अडलंय संवादांवर. सध्याच्या इंजिनात 'किल्ला' लिहिलं की वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन पडते, ल्ला फुटतो. गोडो ४ या इंजिनात जोडाक्षरं नीट येतात, एमआयटी परवाना (फुकट, मोकळेपणानं वापरा असा), रॉयल्टीची भानगड नाही. पण लढाई, सामानाची पिशवी, सेव्ह सगळं स्वतः बांधायचं. आरपीजी मेकर या दुसऱ्या इंजिनात ते आयतं मिळतं. अनरीअल हे मोठं इंजिन म्हणजे मला तरी घरात हत्ती बांधण्यासारखं वाटतं.

गोडोत कुणी आरपीजी शेवटापर्यंत नेलीय का? संवाद जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या डेटा फाइलीत) ठेवलेत की गोडोच्या स्वतःच्या रिसोर्स फाइलीत? आईनं तपासलेली दोन वह्या भरून संभाषणं टाइप करायचीत, म्हणून आधीच विचारतोय.