मदत हवी आहे: सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेलाऐवजी बॅटरीचं पाणी भरलंय, घाटात चालेल का?

जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

गेल्या महिन्यात पुतण्यासाठी एक जुनी एमटीबी, म्हणजे डोंगरातली सायकल, घेतली. दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. मागचा ब्रेक आठवड्यातच बसला, लीव्हर दाबला की थेट हँडलला टेकायचा. नळी लीव्हरमध्ये शिरते तिथे बोटाला तेलकट लागत होतं. लीव्हरच्या झाकणावर इंग्रजीत कोरलंय की यात फक्त मिनरल ऑइल भरा. त्या तेलासाठी नवी पेठ, सात रस्ता, विजापूर रोड पालथा घातला. दोन दुकानांत ‘मागवून देतो’ म्हणाले. एका ठिकाणी मोटरसायकलचं ब्रेक ऑइल टाकून देतो म्हणाले, ते मी टाकू दिलं नाही.

मग एक परदेशी व्हिडिओ पाहिला. त्यातला मुलगा ब्रेकमधलं तेल काढून सरळ पाणी भरतो आणि दगडांवरून उड्या मारतो. आपल्या नळाच्या पाण्यात क्षार फार, बादलीला पांढरा थर बसतो, म्हणून ते नको म्हटलं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली, मेडिकलमधून सिरिंज घेतली, गळणारा नट आवळला आणि दोन तास बसून सगळी हवा काढली.

आणि ब्रेक सुरेख लागतोय. पुढच्या तेलाच्या ब्रेकपेक्षा लीव्हर हलका आहे, सोडला की झटकन मागे येतो. आठ दिवस पुतण्या त्याच सायकलवर कॉलेजला जातोय, एकही तक्रार नाही.

येत्या रविवारी आम्ही दोघं तुळजापूरला जाणार आहोत. जाताना चढ आहे, काळजी नाही. परतताना घाट उतरायचाय. पाणी गोठायचं भय आपल्या सोलापुरात नाही, मग तेलच हवं असा आग्रह का? मी काही चूक करतोय का, ते खरंच समजून घ्यायचंय.

तळ्याकाठी

आधी एवढंच. उत्तरं येईपर्यंत मुलाला ती सायकल देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील.

जुळेसोलापूर

ताई, बरोबर आहे तुमचं. आज रिक्षाने पाठवतो.

अक्कलकोट रोड गॅरेज

दादा, मोटरसायकलचं ब्रेक ऑइल टाकू दिलं नाही, हे फार चांगलं केलंत. मी वीस वर्षं गाड्यांचे ब्रेक करतोय. आमच्याकडे सायकल आली की पोरं तेच डॉट तेल ओततात आणि पंधरा दिवसांत रबरं फुगून सायकल परत येते. मिनरलच्या ब्रेकमध्ये बहुधा नायट्राइलची रबरं असतात, डॉटच्या ब्रेकमध्ये ईपीडीएमची. एकाचं तेल दुसऱ्याला विष. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांचे सायकलचे ब्रेक मिनरलवर चालतात, हेज आणि होप डॉटवर. स्रॅमचे बरीच वर्षं डॉटच होते, २०२२ साली त्यांनी डीबी८ नावाचा मिनरलवरचा ब्रेक काढला. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव बघून भागत नाही, झाकणावर काय लिहिलंय ते वाचायचं. तुम्ही वाचलंत.

पाण्याने रबर लगेच जाणार नाही. पण पाण्याला वंगण नाही. पिस्टन रबरातून दिवसभर मागेपुढे होतो, तो कोरडा घासणार. आत पोलादी स्प्रिंग असेल तर तिला गंज चढणार. आणि अ‍ॅल्युमिनियमलाही पाणी मानवत नाही, डिस्टिल्ड असलं तरी.

बाळीवेस

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण तुमचा अनुभव खोटा नाही. पाण्यावर ब्रेक चालतोच. ‘हायड्रॉलिक’ या शब्दाचं मूळच ग्रीक भाषेतल्या पाण्याच्या शब्दात आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तो प्रेस पाण्यावरच चालायचा. दाब इकडून तिकडे पोचवायला पाणी उत्तम. ते तेलापेक्षाही कमी दबतं. शिवाय पातळ असल्यामुळे बारीक नळीतून चटकन पळतं, म्हणून तुमचा लीव्हर हलका वाटतोय.

पण प्रेस थंड असतो. ब्रेक तापतो, किंबहुना तापणं हेच त्याचं काम आहे. घाटात तुम्ही जेवढी उंची गमावता, तेवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तुम्ही आणि सायकल मिळून ९५ किलो धरू. १०० मीटर खाली आलात की साधारण ९३ किलोज्यूल मोकळे होतात. तेवढ्यात एक लिटर पाणी २२ अंशांनी तापतं. यातला काही भाग वारा घेतो, उरलेला ब्रेक घेतात. आता बघा, तुमच्या ब्रेकमध्ये लिटरभर पाणी नाही, नळीसकट तीन-चार चमचे आहे, आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागात, पिस्टनच्या पाठीशी त्यातलंही थोडंच. रोटर म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅमची पोलादी चकती. ती बरीचशी उष्णता हवेत सोडते, पण उरलेली पॅडमधून पिस्टनकडे आणि पिस्टनमधून पाण्याकडे जाते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरच्याही दीडेक अंश आधी उकळतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट आता सांगतो. लीव्हर दाबलेला असतो तेव्हा आत दाब भरपूर असतो, आणि दाबाखाली पाणी शंभरलाही उकळत नाही. तुम्हाला वाटतं, ब्रेक झकास आहे. मग वळण संपतं, तुम्ही लीव्हर सोडता, दाब उतरतो आणि त्याच क्षणी तापलेल्या पाण्याची वाफ होते. पुढचं वळण येतं, तुम्ही लीव्हर दाबता. लीव्हरच्या एका दाबात जेमतेम एक-दोन मिलिलिटर द्रव सरकतं. पाण्याच्या एका थेंबाची मोकळ्या हवेत सुमारे ८० मिलिलिटर वाफ होते. तुमचा सगळा दाब ती वाफ चेपण्यात जातो, पॅडपर्यंत काही पोचत नाही. आधी कसलीही सूचना मिळत नाही. शहरातले आठ दिवस याबद्दल काहीच सांगू शकत नाहीत, कारण शहरात सिग्नलला दोन सेकंद ब्रेक लावला की पुढे पाच मिनिटं तो थंड होत असतो.

डॉट तेलाची मोजमापं बघितलीत तरी हेच कळतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश हवा. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. चार टक्क्यांहून कमी पाण्याने एवढं होतं, तुमच्या ब्रेकमध्ये शंभर टक्के आहे.

दगडावरची सायकल

मी मूळचा होटगी रोडचा, आता पुण्यात असतो, आणि तो व्हिडिओ बहुतेक आमच्या खेळाचा आहे. ट्रायल्स म्हणतात त्याला. आमच्यातले कितीतरी जण मागुरा एचएस ३३ मध्ये पाणी भरतात, थंड देशांत त्यात अँटीफ्रीझ मिसळतात. पण तो डिस्क ब्रेक नाही! तो रिमवर दाबणारा हायड्रॉलिक ब्रेक आहे. त्यात उष्णता निर्माण होते ती चाकाच्या मोठ्या रिमवर, आणि ती तिथूनच हवेत जाते. आम्ही जागच्या जागी उड्या मारतो, ब्रेक क्षणभर पकडतो आणि सोडतो, घाट कधी उतरतच नाही. त्यामुळे व्हिडिओतला मुलगा खोटं बोलत नव्हता. फक्त त्याचा ब्रेक वेगळा आणि कामही वेगळं.

अशोक चौक

आमचे लूम आहेत. स्पिंडल ऑइल पातळ असतं आणि तेही मिनरलच. कॅनमधून पाव लिटर देतो, पैसे नकोत. चालेल का, हे मात्र गॅरेजवाल्यांनी सांगावं.

अक्कलकोट रोड गॅरेज

अण्णा, मन मोठं आहे तुमचं. पण स्पिंडल ऑइलमध्ये काय काय मिसळलंय ते डब्यावर नसतं, आणि पातळपणाही ब्रेकच्या तेलाएवढाच असेल असं नाही. कोणी मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन सुचवेल, तेही मिनरल तेलच, पण जाड असलं तर लीव्हर सुस्त येतो. लूमला काही झालं तर धागा तुटेल. इथे पोरगं बसणार आहे. झाकणावर जे लिहिलंय तेच ऑनलाइन मागवा, चार दिवस थांबा.

दादा, अजून एक, हे कोणी सांगत नाही. पाणी काढून वरून तेल ओतलं म्हणजे झालं असं समजू नका. डॉट तेल पाणी शोषून घेतं, मिनरल तेल घेत नाही. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत राहिलेले थेंब खाली जाऊन बसतात. खाली काय आहे? कॅलिपर. सगळ्यात गरम जागा. तेव्हा नळी दोन्हीकडून सोडवा, पाणी उडवून काढा, कॅलिपर आणि लीव्हर सुकवा, मग थोडं तेल भरून ते फेकून द्या आणि दुसऱ्यांदा भरा. पॅड आधीच काढून बाजूला ठेवा, तेलाचा एक डाग लागला तरी ब्रेक घसरतो.

आणि मूळ रोग गळतीचा आहे. नट आवळून ती दबली असेल, गेली नसेल. नळीच्या टोकाला पितळी कडी असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. एकदा चेपली की ती परत नीट बसत नाही, नवी घालायची. कधीतरी कोणी नळी कापून छोटी केली असेल आणि जुनीच कडी ठेवली असेल.

जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, वाफेचं वाचून अंगावर काटा आला, कारण पुतण्या आठवड्यात दोनदा आसरा चौकाकडून उतारावर जोरात येतो. तुळजापूर पुढे ढकललंय. तेल आणि पितळी कड्या मागवल्यात.

जुळेसोलापूर

बारा दिवसांनी लिहितोय. काल ब्रेक पूर्ण उघडला. पाणी निघालं ते करडं, तांदळाच्या धुवणासारखं. भरलं तेव्हा काचेसारखं होतं आणि आत जेमतेम तीन आठवडे राहिलं. लीव्हरच्या स्प्रिंगवर तांबूस ठिपके दिसले, ते पुसले गेले. ऑलिव्ह गॅरेजवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे एका बाजूने चेपलेलाच निघाला. सगळं सुकवलं, एकदा तेल भरून टाकून दिलं, परत भरलं. रात्री लीव्हर दाबून रबराने हँडलला बांधून ठेवला आणि नटाभोवती टिश्यू गुंडाळला. सकाळी टिश्यू कोरडा.

लीव्हर पाण्याच्या वेळेपेक्षा किंचित जड लागतो. हे खरं आहे आणि ते मी मान्य केलंय.

बाळीवेस

घाटात सतत ब्रेक धरून उतरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करायचा, मग सोडायचे आणि वारा लागू द्यायचा. मुलालाही हे करून दाखवा.

जुळेसोलापूर

रविवारी जाऊन आलो. पहाटे पाचला निघालो, तामलवाडीला चहा, नऊच्या आत देवीच्या दारात. उतरताना सरांनी सांगितलं तसंच केलं. घाट संपल्यावर कडेला थांबलो आणि पुतण्याने बाटलीचं झाकण उघडून मागच्या रोटरवर चार थेंब टाकले. चर्र करून उडाले. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे.

दोन पितळी कड्या शिल्लक आहेत. सोलापुरात कोणाला हव्या असतील तर इथे सांगा, आणून देईन.