विषय: कुंपणाची झाडं – ऑर्डर गुरुवारच्या आत

सुनीता:
मंडळी, नर्सरीला गुरुवारी यादी द्यायचीय. अविनाशच्या यादीत निम्म्याहून जास्त 'रॉबिन गॉर्डन' जातीची ग्रेव्हिलियाची फुलझुडपं आहेत, ती कमी करा. वर्षभर मधाने भरलेली मोठी फुलं म्हणजे नॉइजी मायनर या भांडकुदळ पक्ष्यांना आयतं आमंत्रण. त्यांची टोळी एकदा बसली की फेअरी-रेन, सिल्व्हरआय, स्पाइनबिल अशा छोट्या पक्ष्यांपैकी कुणालाच टिकू देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पर्यावरण कायद्याखाली २०१४ पासून ही दादागिरी छोट्या पक्ष्यांना मुख्य धोका म्हणून नोंदलेली आहे. त्याऐवजी बर्सेरिया आणि हेकिया ही काटेरी झुडपं घ्या. दाट काटेरी झुडपात रेन शिरते, मोठ्या पक्ष्याला शिरता येत नाही.

अविनाश:
यादी कार्यकारिणीत मंजूर झालीय, इतिवृत्त सगळ्यांना गेलंय. तेव्हा कुणी बोललं नाही. आणि काट्यांचं काय? रविवारी मराठी शाळा सुटली की मुलं त्याच कुंपणाशी खेळतात. ग्रेव्हिलिया निदान टोचत तरी नाही.

मीनल:
टोचत नाही, पण रॉबिन गॉर्डन अंगावर उठतो. आमच्याकडे छाटताना यांच्या कोपरापर्यंत लाल चट्टे आले, आठवडाभर खाज. मुलांजवळ तर तो नकोच.

प्रभाकरकाका:
साळुंक्याच ना या? आमच्या पत्र्याखाली दर वर्षी घरटं करतात.

सुनीता:
नाही काका. साळुंकी १८६२च्या सुमारास मेलबर्नमध्ये आणून सोडली, भाजीमळ्यांतल्या किड्यांसाठी. नॉइजी मायनर इथलाच, राखाडी, मध खाणारा. डोळ्यामागे पिवळा डाग दोघांनाही, म्हणून गल्लत होते. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, हात लावता येत नाही. आपल्या हातात फक्त झाडांची निवड.

प्रभाकरकाका:
अच्छा. पाचगणीला सिल्व्हर ओक आहेत ना, तोही ग्रेव्हिलियाच, मूळचा क्वीन्सलँडकडचा. आमच्या हॉस्टेलसमोर त्यांची रांग होती. फुलला की पक्ष्यांच्या गलक्याने जाग यायची.

हेमंत:
झाडं कुठलीही घ्या, श्रमदानातून उरलेलं कोंबडीखत खड्ड्यात घालू नका. त्यात फॉस्फरस भरपूर. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया यांची झुपकेदार मुळं निकस मातीतला कणन् कण फॉस्फरस ओढायला बनलेली. जास्त मिळाला की पानांच्या कडा करपतात आणि झाड जातं. खत शेडमध्येच राहू दे, मी घेऊन जातो.

अविनाश:
खत मंडळाच्या पैशांचं आहे, परस्पर नेऊ नये.

सुनीता:
खताचं नंतर बघू. काटेरी झाडं पार्किंगच्या बाजूला लावू, तिकडे मुलं जात नाहीत. शाळेच्या बाजूला कोरिया नावाचं झुडूप: काटा नाही, थंडीत फुलतो, आणि त्या नळीसारख्या फुलात स्पाइनबिलची बाकदार चोच बरोबर जाते. मध्ये दोन-तीन सिल्व्हर बँक्सिया. सगळी ट्यूबस्टॉकच, म्हणजे अरुंद नळीतली छोटी रोपंच घ्यायची. इथला शरद चालू आहे तोवर लावली तर हिवाळ्याच्या पावसात मुळं धरतील.

अविनाश:
भाव तोच असेल आणि खजिनदारांनी मेलवर होकार दिला, तर माझी हरकत नाही. कोपऱ्यावरचा एक ग्रेव्हिलिया मात्र राहील, तो देणगीदारांनी सुचवलाय.

मीनल:
एक चालेल, पण शाळेच्या दारापासून लांब. शनिवारी कुदळी कोण आणतंय? हॉलवरच्या दोन्हींचे दांडे मोडलेत.