दगड ‘फेकला जातो’ की ‘सुटतो’?

पारसिकची शिक्षिका:
कळव्यात अकरावीच्या मुलांना संध्याकाळी पदार्थविज्ञान शिकवते. सगळी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून गणितं मराठीत उतरवून देते. काल एकावर अडले. मुलगा १ मीटर दोरीला दगड बांधून डोक्यावर आडवा गरगर फिरवतोय, जमिनीपासून उंची १.८ मीटर. दोरी तुटते. तुटली त्या जागेच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ६ मीटरवर दगड पडतो. फिरताना त्याचं अभिकेंद्री त्वरण किती?
गुरुत्वत्वरण १० धरलं तर १.८ मीटर खाली यायला ०.६ सेकंद. तेवढ्यात आडवं ६ मीटर, म्हणजे वेग सेकंदाला १० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, उत्तर १००. गणित एवढंच.
पण मी लिहिलं होतं, ‘दोरी तुटल्यावर दगड फेकला जातो’. पाचांपैकी तिघांनी बाण केंद्रापासून सरळ बाहेर काढला. एकीला विचारलं, असा का? म्हणाली, “मॅडम, फेकला जातो ना, मग बाहेरच जाणार.” दगड जातो स्पर्शिकेच्या दिशेने, म्हणजे दोरी तुटली त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच सरळ. त्याला फेकत कोणीच नाही, धरून ठेवणारी दोरी गेली इतकंच. मग क्रियापद कोणतं वापरू?

खोपटकर:
‘सुटतो’. बाण सुटतो, गाडी सुटते. फेकायला कोणीतरी फेकणारा लागतो, तो इथे नाही. चुकीचा शब्द रुळला म्हणून तो शिकवायचा नसतो.

रोजचा घोडबंदर:
असहमत. बस वळणावर आली की आपण ‘बाहेर फेकले जातो’ असंच सगळा ठाणे जिल्हा म्हणतो. आणि कर्ता सांगायचा नसतो तेव्हाच तर ‘फेकला जातो’ म्हणतात. मुलांची चूक शब्दाने झालेली नाही, बसमध्ये अंगाला जे जाणवतं त्याने झाली आहे. ‘सुटतो’ लिहा, बाण तिकडेच जाईल.

पारसिकची शिक्षिका:
आज दुसऱ्या गटाला ‘सुटतो’ लिहून दिलं. एकाने बाण सरळ खाली काढला. त्याच्या मते सुटला म्हणजे हातातून पडला.

नेरुळकरीण:
‘भिरकावला जातो’ का नको? भिरभिरणं म्हणजे गोल फिरणं, आणि भिरकावणं म्हणजे फिरवून लांब टाकणं. दोन्ही गती एका शब्दात! जुन्नरकडे आजी बाजरीच्या राखणीला माळ्यावर उभी राहून गोफण चालवायची, तिच्या तोंडी हाच शब्द.

खोपटकर:
ताई, माणूस चिडून वही भिरकावतो तेव्हा ती आधी गरगर फिरवतो का? व्युत्पत्ती गोड आहे, पण वापर तसा नाही.

ओवीप्रेमी:
दोरी तुटल्यानंतरच्या गतीला काही जण ‘प्रक्षिप्त’ म्हणतात, ते मला खटकतं. प्रक्षिप्त म्हणजे मागाहून घुसडलेलं. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती अशाच भेसळीमुळे. ‘प्रक्षेप्य’ म्हणा. आणि त्या वाटेला आपल्याकडे ‘अन्वस्त’ हा सुंदर शब्द आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यातला ‘अस्त’ सूर्यास्ताचा नाही, अस् म्हणजे फेकणे, ज्यातून अस्त्र आलं. ग्रीक ‘पॅराबोला’च्या पोटातही फेकणंच आहे. म्हणजे मॅडम, तुमचं क्रियापद टाळू म्हटलं तरी टळत नाही.

रोजचा घोडबंदर:
अन्वस्त किती मुलांना कळेल? त्यांना पुढे पॅराबोलाच लिहायचा आहे.

ओवीप्रेमी:
अभिकेंद्री कळलं ना दहावीत? शिकवलं की कळतं.

दिवाळे कोळीवाडा:
आमच्याकडे पाग ‘टाकतात’. अंगाला अर्धा वळसा देऊन सोडलं की जाळं हवेत गोल उघडतं आणि पाण्यावर पसरतं. ‘फेकला’ म्हटलं तर वडील रागवायचे. फेकायचा तो कचरा.

नेरुळकरीण:
हे वाचून आठवलं. गोफणीच्या एका दोरीचा फास बोटात अडकवलेला असतो, दुसरीचं टोक नुसतं चिमटीत. फिरवता फिरवता चिमूट उघडायची. आजी ‘दगड मार’ म्हणायची नाही, ‘गोफण सोड’ म्हणायची.

दिवाळे कोळीवाडा:
फास करंगळीत की मधल्या बोटात?

नेरुळकरीण:
मधल्या असावं. आईला विचारून उद्या सांगते.